पदक्रमाची साक्ष : जुन्या कागदांतील फारसी शब्द व मराठी वाक्य

मराठी कागदपत्रांवर फारसीचा पगडा किती बसला होता, हा प्रश्न शब्दांच्या मोजणीनें सोडविण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आपल्या साधनखंडांच्या प्रस्तावनांत जुन्या पत्रांतील शब्द मोजून, शिवपूर्वकालीं फारसी शब्दांचा भरणा केवढा होता व पुढें शाहूच्या कारकीर्दीपर्यंत तो कसा ओसरत गेला, हें दाखविलें. माधवराव पटवर्धन यांचा फारसी-मराठी कोश १९२५ सालीं निघाला आणि कागद वाचणारांस त्या शब्दांचे अर्थ हाताशीं आले. हीं दोन्ही कामें मोलाचीं आहेत यांत संशय नाहीं. परंतु शब्द हा भाषेचा माल आहे. तो माल ज्या घडणीनें मांडिला जातो ती घडण निराळी. परक्याचीं भांडीं स्वयंपाकघरांत आलीं म्हणून स्वयंपाक परक्याचा होत नाहीं. फारसीचा पगडा मोजावयाचा तर शब्दांबरोबर पदांचा क्रमही पाहिला पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

तसा तो पाहूं लागलें असतां जो निकाल हातीं येतो तो आरंभींच सांगून टाकतों. कागदाच्या शिरोभागांत, म्हणजे मायना, गांवाचा पत्ता व नांवनिशाणी यांत, फारसी शब्द कालांतरानें गेले, पण फारसी क्रम राहिला. कागदाच्या पोटांत, म्हणजे प्रत्यक्ष वाक्यांत, फारसी शब्द राहिले, पण क्रम मराठीच राहिला. ह्या दोन गोष्टी परस्परांच्या उलट आहेत, आणि दोहोंचें कारण एकच आहे. तें कारण उलगडून दाखविणें व त्यावरून कागदांच्या संपादनास काय शिकावयाचें तें सांगणें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्या शास्त्रांत पदक्रमाविषयीं काय म्हटलें आहे तें पाहूं. आपल्या वैयाकरणांनीं क्रमाचा विचार केला तो मुख्यतः समासाच्या व उपसर्गाच्या ठिकाणीं. समासांत जें गौण, म्हणजे उपसर्जन, तें आधीं ठेवावें असें पाणिनि सांगतो (२.२.३०). उपसर्ग धातूच्या आधीं येतात, वेदांत मात्र ते मागाहून अथवा मध्यें पदें टाकूनही येतात, हेंही त्यानें नोंदिलें आहे (१.४.८०–८२). वाक्याविषयीं मात्र मोकळीक आहे. पदें एकदां सिद्ध झालीं म्हणजे त्यांचा संबंध इच्छेप्रमाणें जोडावा, असें पतंजलीनें म्हटलें आहे व भांडें आणण्याची आज्ञा क्रियापद आधीं घालून दिली काय आणि मागून घालून दिली काय, अर्थ एकच, हें उदाहरण दिलें आहे. नैयायिकांनीं वाक्यार्थास आकांक्षा, योग्यता व सन्निधि हीं तीन कारणें मानिलीं. त्यांतील सन्निधि पदें विलंबावांचून उच्चारण्याची अपेक्षा करितो. कोणतें आधीं व कोणतें मागून, हें तो सांगत नाहीं.

पण मोकळीक निराळी आणि वहिवाट निराळी. मालकास शेतांत कोठूनही जातां येतें, तरी पायवाट एकच पडते. १८७८ सालीं देलब्रुक या जर्मन पंडितानें शतपथ ब्राह्मणाच्या गद्यांतील पदक्रम तपासून पाहिला, तेव्हां क्रियापद सामान्यतः शेवटीं येतें असें त्यास आढळलें. विभक्तीमुळें संस्कृतास मोकळीक आहे खरी, पण गद्य लिहिणारा ती प्रसंगींच वापरतो. आपण विद्यार्थ्यांस श्लोकाचा अन्वय लावावयास सांगतों, तेव्हां कर्ता, कर्म, क्रियापद अशी जी मांडणी करवितों, तीही ह्याच पायवाटेवरून चालते.

आतां पाश्चात्त्यांकडे वळूं. जगांतील भाषांच्या पदक्रमांत कांहीं सामान्य नियम आहेत काय, हा प्रश्न पद्धतशीरपणें मांडण्याचें श्रेय जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन विद्वानास दिलें जातें. १९६१ सालीं डॉब्स फेरी येथें भरलेल्या परिषदेंत त्यानें ३० भाषांच्या आधारें ४५ नियम मांडिले व १९६३ सालीं ते ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. त्या ३० भाषांत मराठी नाहीं. पण आपल्या उत्तरेची हिंदी व दक्षिणेची कन्नड ह्या दोन्ही आहेत, आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष काढल्यावर मधल्या घराची हकीकत बहुतेक कळतेच.

त्या नियमांपैकीं आपल्या कामाचे तेवढे सांगतों. ज्या भाषेंत कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम रूढ असतो, तींत शब्दयोगी अव्ययें बहुधा नामाच्या मागून येतात. जसें, "घराजवळ", "नदीपलीकडे". जेथें शब्दयोगी मागून येतें तेथें षष्ठी बहुधा नामाच्या आधीं येते, "पाटलाचा वाडा". जेथें शब्दयोगी नामाच्या आधीं येतें तेथें षष्ठी बहुधा नामाच्या मागून येते. क्रियापद शेवटीं ठेवणाऱ्या भाषेंत साहाय्यक क्रियापद मुख्य क्रियापदाच्या मागें जातें, "गेला आहे". तुलनेंत ज्याच्याशीं तुलना करावयाची तें पद, मग तुलनेचें चिन्ह, मग विशेषण असा एकच क्रम असेल, तर ती भाषा शब्दयोगी मागून ठेवणारी असते. "वर्ध्याहून नागपूर मोठें". हीं सर्व लक्षणें मराठीस तंतोतंत लागू पडतात. थोडक्यांत, आपल्या भाषेचा कल असा, कीं जें दुसऱ्याचा आधार घेतें तें आधीं यावें व जें आधार देतें तें शेवटीं यावें. पाणिनीनें समासापुरतें उपसर्जनाविषयीं जें सांगितलें, तेंच मराठी वाक्यभर पसरलेलें आहे.

ह्या नियमांना "सार्वत्रिक" म्हणण्याची रीत पडली आहे, तिला मात्र आमची हरकत आहे. न्यायशास्त्रांत व्याप्ति म्हणावयाची तर ती अव्यभिचारी असावी लागते; एक जरी उलट उदाहरण निघालें तरी व्याप्ति मोडते. ग्रीनबर्गच्या ४५ नियमांत कांहीं निरपवाद म्हणून मांडलेले आहेत, पण पुष्कळांत "बहुधा" हा शब्द त्यानें स्वतःच घातलेला आहे. पुढें मॅथ्यू ड्रायर यानें १९९२ सालीं ६२५ भाषांचा धांडोळा घेतला, तेव्हां विशेषण नामाच्या आधीं कीं मागें ह्याचा क्रियापदाच्या जागेशीं कांहीं संबंध नाहीं असें दिसून आलें. तोंवर तो संबंध अनेकांनीं गृहीत धरिला होता. तेव्हां ह्या नियमांस आपण "प्रायिक नियम" म्हणावें हें बरें. प्रायिक नियमाचा उपयोग कमी असतो असें मात्र नाहीं. तो कोठें मोडतो हें पाहिल्यानें कधीं कधीं तो कोठें पाळला जातो ह्याहून अधिक कळतें.

पदक्रमावरून काय सिद्ध होत नाहीं, हेंही आधींच सांगितलें पाहिजे. मराठीचा क्रम द्राविडी भाषांच्या क्रमासारखा आहे, म्हणून मराठी मुळांत द्राविडी, असा तर्क अधूनमधून ऐकूं येतो. आमच्या वर्धा जिल्ह्यांत ह्या तर्काची परीक्षा घरबसल्या होते. येथें मराठीशेजारीं गोंडी व कोलामी ह्या दोन द्राविडी भाषा बोलणारे लोक आहेत. एमेनो या विद्वानानें १९५५ सालीं कोलामीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा मुख्य आधार वर्ध्याकडील कोलामी बोलीच आहे. कोलामींत क्रियापद शेवटीं येतें, मराठींतही शेवटीं येतें. दोहोंतही नामाचा संबंध दाखविणारे प्रत्यय व शब्द नामाच्या मागून येतात. आणि तरीही दोहोंचे धातु, सर्वनामें व संख्यावाचकें पाहतां दोन कुळें निराळीं आहेत हें उघड आहे. ह्याच एमेनोनें १९५६ सालीं भारत हें एक भाषिक क्षेत्र आहे, म्हणजे निरनिराळ्या कुळांच्या भाषा येथें शेजारानें एकमेकींसारख्या झाल्या आहेत, असें प्रतिपादन केलें. मेळघाटांतील कोरकू तिसऱ्याच, मुंडा कुळांतली. तिचाही क्रम हाच.

शिवाय हा क्रम जगांत दुर्मीळही नाहीं. ड्रायरच्या गणनेंत १,३७६ भाषांपैकीं ५६४ भाषांत कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम प्रमुख आहे. ४८८ भाषांत कर्ता, क्रियापद, कर्म असा आहे. ९५ भाषांत क्रियापद पहिलें, मग कर्ता, मग कर्म असा आहे. आणि १८९ भाषांत कोणताच एक क्रम प्रमुख म्हणतां येत नाहीं. बाकीच्या तीन तऱ्हा मिळून केवळ ४० भाषा राहतात. जी गोष्ट जगांतल्या दर पांच भाषांपैकीं दोहोंत आढळते, तिच्यावरून दोन घराण्यांचें नातें जुळविणें म्हणजे दोघांनीं पागोटें बांधलें आहे म्हणून त्यांस भाऊ ठरविण्यासारखें आहे. साम्यावरून नातें ठरत नाहीं. क्रमाची साक्ष उपयोगी पडते ती जेथें दोन भाषांचे क्रम एकमेकांविरुद्ध असतात व दोन्ही एकाच कागदावर येतात तेथें. मराठी व फारसी यांचें नेमकें असें आहे.

फारसी ही ग्रीनबर्गच्या नियमांस मोठा अपवाद आहे. तिचें क्रियापद मराठीसारखें वाक्याच्या शेवटीं येतें. तेव्हां शब्दयोगी मागून व षष्ठी आधीं, असें असावयास पाहिजे होतें. पण फारसींत "अज" (पासून), "ब" (कडे, ला), "दर" (मध्यें), "बर" (वर) हीं अव्ययें नामाच्या आधीं येतात, आणि षष्ठी व विशेषण हीं दोन्ही इजाफतीच्या "ए"नें जोडलीं जाऊन नामाच्या मागें जातात. म्हणजे फारसीचें वाक्य आपल्यासारखें चालतें, पण तिच्यांतील नामाचें कुटुंब उलट्या तोंडानें बसलेलें असतें.

शिवकालीन हुकमाचा ठरीव मायना संग्राहकांच्या पाठांतला आहे. "अज रख्तखाने" अमुक, "बजानेबू कारकुनानि हाल व इस्तकबाल", आणि शेवटीं "बिदानद". अर्थ असा, कीं अमुकाच्या दरबारांतून, हल्लींच्या व पुढील कारकुनांकडे, जाणावें. "अज" आधीं आहे, "बजानेबू"तील "ब" आधीं आहे, कारकून आधीं व त्यांचें विशेषण मागून आहे. केवळ "बिदानद" हें क्रियापद शेवटीं आहे. हा सर्व फारसी क्रम होय. पण मायना संपून "तुम्हीं अमुक करावें" असा मजकूर सुरू झाला, कीं त्याच कारकुनाची लेखणी एकदम मराठी चालीनें चालूं लागते. एका कागदावर, एका हातानें, दोन क्रम लिहिले गेले आहेत आणि त्यांची सीमा जवळजवळ बोटानें दाखवितां येते.

गांवाच्या पत्त्याचें तसेंच. "मौजे" अमुक, "परगणे" अमुक, "सरकार" अमुक, "सुभे" अमुक, हा क्रम लहानाकडून मोठ्याकडे जातो. मराठी बोलण्यांत आपण उलट जातों. अमुक जिल्ह्यांतील अमुक तालुक्यांतलें अमुक गांव. मौजा, कसबा, परगणा, सुभा, किल्ला ह्या शब्दांस शिरोभागांत जो "ए" लागतो, तो कित्येक अनेकवचनाचा समजतात व आदरार्थी म्हणून त्याची सोडवणूक करितात. पण मौजा एक, परगणा एक. आणि आदर किल्ल्याचा मानला तरी मौजाचा व परगण्याचा कोण मानणार? हा "ए" इजाफतीचा आहे, व त्याचें काम पुढच्या नांवाशीं सांधा जोडण्याचें आहे. "किल्ले रायगड" हें फारसी घडणीचें पद आहे; मराठी घडणीचें पद "रायगड किल्ला".

ह्या क्रमाची नवलाई ध्यानांत येण्यास आमच्या भागांतील एका स्थळाचें उदाहरण पुरेसें आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचें पवनार, असें महामहोपाध्याय मिराशी यांचें मत होतें. पुढें मनसरचेंही नांव ह्या संबंधांत घेतलें गेलें आहे. ह्या प्रवरपुराहून निघालेल्या द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटांत दान दिलेल्या गांवाचा पत्ता येतो तो आधीं भोजकट राज्य, मग मधुनदीचा तट आणि शेवटीं चर्मांक नांवाचें गांव अशा क्रमानें. मोठ्यांतून लहानाकडे, आधार घेणारें आधीं, ग्राम हें मुख्य पद शेवटीं. पुढें अकबराच्या वऱ्हाड सुभ्यांत पवनार हें एका सरकारचें ठिकाण झालें, आणि फारसी दफ्तराच्या रीतीनें पत्ता लिहावयाचा तर तो मौजे अमुक, सरकार पवनार, सुभे वऱ्हाड असाच व्हावयाचा. राज्य बदललें तसें पत्त्यानें तोंड फिरविलें. मोगलाई गेली, भोसल्यांचें राज्य गेलें, १८६२ सालीं इंग्रजांनीं नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढिला. पण फिरविलेलें तोंड पुनः वळलें नाहीं. आजही खरेदीखतांत "मौजे सेवाग्राम, तालुका वर्धा, जिल्हा वर्धा" असेंच लिहितात.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. जुन्या कागदांत माणसाच्या नांवापुढें "साकीन" अमुक असें येई. साकीन म्हणजे राहणारा. कालांतरानें "साकीन" जाऊन त्या जागीं "राहणार" हा शुद्ध मराठी शब्द आला. परंतु मराठींत "वर्ध्यास राहणारा" असें म्हणावयाचें असतां आपण कागदावर "राहणार वर्धा" असें लिहितों. शब्द परतला, क्रम परतला नाहीं. शिवछत्रपतींच्या काळीं राजव्यवहारकोश झाला व पुष्कळ यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पण कोश शब्दाच्या जागीं शब्द देतो. क्रमाच्या जागीं क्रम देण्याची सोय कोणत्याही कोशांत नसते.

आतां कागदाच्या पोटांत शिरूं. येथें याच्या अगदीं उलट प्रकार दिसतो. "शिवाय", "खेरीज", "बाबत", "बद्दल", "ऐवजीं", "मार्फत", "बमोजीब", "बरहुकूम" हे शब्द आपण फारसी दफ्तरांतून घेतले. त्यांतील पुष्कळ मूळचे अरबी. फारसींत ह्यांतील प्रत्येक शब्द ज्या नामाशीं संबद्ध असतो त्याच्या आधीं येतो. "बमोजीब" यांतील "ब" व "बरहुकूम" यांतील "बर" हीं तर वर सांगितलेलीं पूर्वगामी अव्ययेंच आहेत. "शिवाय" शब्दाच्या शेवटचा "य" हा इजाफतीचा अवशेष असून, फारसींत तो पुढें येणाऱ्या नामाकडे बोट दाखवितो. मराठींत ह्या सर्व शब्दांचें काय झालें? "हुकुमाबमोजीब", "त्याशिवाय", "ह्याखेरीज", "वतनाबाबत", "रोख पैक्याऐवजीं", "कारकुनाच्या मार्फत". एकूण एक शब्द नामाच्या मागें जाऊन बसला, मूळचें मराठी "प्रमाणें" व "वांचून" जेथें बसतात त्याच जागीं. "शिवाय"चा जो सांधा पुढल्या नामासाठीं होता, तो आपण मागल्या नामास जोडून टाकिला. कारकुनांनीं हें कोणाच्या आज्ञेवरून केलें नाहीं. मराठी वाक्यास आधींचें शब्दयोगी सोसतच नव्हतें.

हिंदीशीं ताडून पाहिलें म्हणजे ह्या गोष्टीचें महत्त्व अधिक कळतें. वर्ध्यास १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समितीचें ठाणें असल्यामुळें दोन्ही भाषा आमच्या कानांवर सारख्याच पडत आल्या आहेत. हिंदी-उर्दूंत "राम के सिवाय" म्हणतात तसें "सिवाय राम के" असेंही म्हणतां येतें; "इसके बजाय" जसें, तसें "बजाय इसके". तेथें फारसी क्रमास वाक्यांत ओसरीवर तरी जागा मिळाली. मराठींत "शिवाय" हा शब्द "आणखी" या अर्थानें वाक्यारंभीं येतो खरा, पण शब्दयोगी म्हणून नामाच्या आधीं तो उभा राहूं शकत नाहीं.

आतां दोन्ही ठिकाणचें कारण एक आहे असें आम्हीं वर म्हटलें, तें असें. शिरोभाग हा वाक्य नसतो. तो एक शिक्का असतो. डोळ्यांनीं ओळखावयाचा व हातानें उतरावयाचा. त्याचे घटक जिवंत नसतात. म्हणून "किल्ले रायगडास" असें म्हणतांना विभक्ति रायगडास लागते, किल्ले तसाच राहतो. सबंध गठ्ठ्यास मराठी एकच प्रत्यय मागून लावते. गठ्ठ्याच्या आंत काय क्रम आहे ह्याची वाक्यास पर्वा नाहीं, म्हणून आंतील शब्द बदलले तरी सांचा टिकतो. वाक्याची गोष्ट याच्या उलट आहे. वाक्य दर वेळीं नव्यानें जुळवावें लागतें, आणि जुळविणारा ज्या भाषेंत विचार करितो तिचाच क्रम त्यांत उतरतो. शब्द उसना घेतां येतो. जुळविण्याची संवय उसनी घेतां येत नाहीं. शब्दमोजणीनें जो कागद बहुतांशीं फारसी ठरतो, त्याचा लिहिणारा मनांत मराठीच बोलत होता, हें त्याच्या शब्दयोगी अव्ययांच्या जागेवरून कळतें. आपल्या जुन्या कारकुनांविषयीं "अर्धे यवन झालेले" असा जो निकाल अनेकदां दिला जातो, तो ह्या साक्षीपुढें टिकत नाहीं.

ह्यावर तीन पूर्वपक्ष संभवतात. पहिला असा, कीं "त्यानें सांगितलें कीं" ह्या रचनेंत क्रियापद आधीं व सांगण्याचा मजकूर मागून येतो, हा तर वाक्यांतच शिरलेला फारसी क्रम आहे. परंतु "कीं"ची व्युत्पत्ति कित्येक फारसी "कि"पासून लावितात तर कित्येक संस्कृत "किम्"पासून. ती फारसी मानली तरी, मजकूर क्रियापदानंतर आणण्याची रीत संस्कृतांत "यत्"नें व जुन्या मराठींत "जें"नें होतच होती. आणि "इति"प्रमाणें "असें" मागून घालून मजकूर आधीं आणण्याची रीतही कायम राहिली. पायवाट जुनीच, वाटेवरचा दगड नवा म्हणतां येईल. दुसरा पूर्वपक्ष "दरसाल", "बेकायदा", "गैरहजर" यांचा. हीं पूर्वगामी अव्ययेंच आहेत खरीं, पण तीं पदाच्या आंत गेलीं आहेत. "प्रति" व "निर्" यांची जागा आपल्याकडे रिकामी होतीच, तेथें तीं बसलीं. तिसरा पूर्वपक्ष असा, कीं "राजा भोज", "श्रीक्षेत्र माहूर" यांत सामान्य नाम आधींच येतें, मग "किल्ले रायगड" मराठी कां नव्हे? हा आक्षेप योग्य आहे, व त्यामुळेंच केवळ सामान्य नाम आधीं आलें एवढ्यावरून फारसी क्रम ठरवूं नये. इजाफतीचा "ए" आणि लहानाकडून मोठ्याकडे जाणारी मालिका हीं दोन चिन्हें असतील तरच तसें म्हणावें.

आतां संपादनाकडे येऊं, कारण ह्या सर्व विवेचनाचें खरें प्रयोजन तेंच आहे. कागदांच्या नकला छापतांना शुद्धलेखन बदलूं नये, हें तत्त्व आतां बहुतेकांस मान्य आहे. पण क्रमाविषयीं तितकी दक्षता दिसत नाहीं. मजकूर वाचकास सुलभ व्हावा ह्या सदिच्छेनें मायना गाळून केवळ सारांश देणें, "मौजे अमुक परगणे अमुक" याचें "अमुक परगण्यांतील अमुक गांव" असें करणें, वाक्याच्या आरंभीं आलेलें क्रियापद शेवटीं नेऊन ठेवणें, असे फेरफार छापील नकलांत आढळतात. ह्यांच्या मुळाशीं अन्वयाची संवय आहे. अन्वय ही अर्थ समजावून देण्याची युक्ति आहे. पाठ सिद्ध करण्याची नव्हे. मीमांसक अग्निहोत्राचें उदाहरण देतात. वचनांत होम आधीं सांगितला आहे व यवागू शिजविण्याचें मागून. पण होमास यवागू लागते म्हणून ती आधीं शिजवावयाची. तेथें अर्थक्रम पाठक्रमाहून बलवान ठरतो, आणि यजमानास तें योग्यच आहे. संपादक मात्र यजमान नव्हे. त्याला पाठक्रमच बलवान असला पाहिजे, कारण अर्थ मागाहून कोणीही लावील, पण मोडलेला क्रम पुनः जुळविणें कोणालाच शक्य नाहीं.

शिवाय क्रम हा कागदाच्या परीक्षेस उपयोगी पडतो. एखाद्या मराठी कागदाच्या पोटांत, मायन्यांत नव्हे, "बमोजीब" किंवा "बाबत" हे शब्द नामाच्या आधीं आलेले दिसले, तर तो कागद फारसी मुळावरून उतरविलेला असावा अगर लिहिणारा फारसी मुनशी असावा, असा संशय घेण्यास जागा आहे. उलटपक्षीं, फारसी फर्मानाचा तर्जुमा म्हणून दाखविलेल्या कागदांत सर्वत्र मराठी क्रम सुरळीत चालला असेल, तर तो शब्दशः तर्जुमा नसून आशयाचा गोषवारा असण्याचा संभव अधिक. हीं अनुमानें प्रायिक आहेत हें विसरूं नये. कागद, शाई, हात, शिक्का, सुहूर वा फसली सनाचा मेळ, यांच्या जोडीनें क्रमाची साक्ष घ्यावी; एकट्या तिच्या जोरावर सनद खरी वा खोटी ठरवूं नये.

तुलनेसाठीं फारसी दफ्तराच्या पूर्वीचें मराठी गद्य कोठें पाहावें, असा प्रश्न येईल. पद्य येथें निरुपयोगी; ओंवी-अभंगांत छंदासाठीं पदें फिरतात. त्यासाठीं महानुभावांच्या गद्याकडेच जावें लागतें, आणि तें आमच्या विदर्भाचें भाग्य आहे. म्हाइंभटानें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रिद्धपुरास सिद्ध केलेलें लीळाचरित्र बोलण्याच्या चालीवर चालतें, व तींत क्रियापद प्रसंगीं आधींही येतें. हरि नारायण नेने यांची आवृत्ति व १९७८ ची विष्णु भिकाजी कोलते यांची आवृत्ति ह्या दोन्ही हाताशीं असाव्या. मात्र मूळ पोथी यवनांच्या धाडींत नष्ट होऊन ग्रंथ पुनः स्मरणानें जुळविला गेला व त्याचे निरनिराळे पाठ झाले, ही गोष्ट ध्यानीं धरावी. स्मरण आशय राखतें, क्रम राखीलच असें नाहीं. म्हणून एका पाठावरून क्रमाचे आंकडे काढूं नयेत. दोन-तीन पाठ शेजारीं ठेवून, सर्वांत जो क्रम सारखा येईल तोच तेराव्या शतकाचा म्हणून धरावा.

ज्यांच्यापाशीं कागद आहेत त्यांना आमची विनंती एवढीच आहे. नक्कल करतांना मायना गाळूं नये; तो निरर्थक वाटला तरी दोन क्रमांची सीमा तेथेंच असते. "ए"कारान्त मौजे, कसबे, परगणे यांचें "मौजा", "कसबा" करूं नये. "बमोजीब", "शिवाय", "खेरीज", "बाबत" हे शब्द आधीं आले कीं मागें, हें टिपणांत नोंदवावें व शेजारीं कागदाची मिति द्यावी. शब्द मोजण्यास लागतो त्याहून अधिक वेळ ह्यास लागत नाहीं. अशा हजारपांचशें नोंदी निरनिराळ्या संग्रहांतून जमल्या, म्हणजे फारसी क्रम मराठीच्या उंबरठ्यापर्यंत कधीं आला, कोठें थांबला व कोणत्या परगण्यांत केव्हां मागें सरला, हें सालवार सांगतां येईल. तोंवर फारसीच्या पगड्याविषयींचा आपला हिशेब अर्धाच झाला आहे असें समजावें.